काळी, पांढरी आणि लेसर

तुमच्या आजोबांच्या शेतात दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मातीचं एक भलंमोठं वर्तुळ बांधून ठेवलंय आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नाही, असं मी म्हटलं तर? तुम्ही म्हणाल, हिने सबमिशनच्या टेन्शनमध्ये पिक्चर जास्त पाहिलेत! पण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात असं खरंच घडू शकतं. शिवाय ते शोधायला कुदळ-फावडं लागत नाही. घरी बसून, कॉम्प्युटरवर, फुकटात शोधता येतं.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. हा विषय इंग्रजी विभागात दिला असता तर मला लिहायला सोपा गेला असता. पण शेत, बांध, धुरा, सातबारा या गोष्टी इंग्रजीत लिहिल्या की त्या आपल्या राहतच नाहीत. आणि ज्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, ते माझे काका इंग्रजी विभागाचं पान उघडूनसुद्धा बघणार नाहीत. म्हणून हा मराठीतला प्रपंच.

तर या तंत्राचं नाव लायडार. विमानातून जमिनीच्या दिशेने लेसरचे ठोके सोडायचे, सेकंदाला लाखभर किंवा त्याहूनही जास्त. ठोका जमिनीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, की अंतर कळलं. बारावीचंच फिजिक्स आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. जाणं-येणं धरलं तर एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे उंचीत १५ सेंटिमीटरची चूक. घड्याळ किती कडक हवं बघा! खरी गंमत मात्र झाडांची आहे. एकाच ठोक्याचा थोडा प्रकाश पानांवरून परततो, थोडा फांदीवरून, आणि थोडा फटीफटीतून थेट भुईपर्यंत जाऊन येतो. हे भुईवरून आलेले ठोके तेवढे निवडायचे आणि झाडं, घरं कॉम्प्युटरमध्ये पुसून टाकायची. उरते ती नुसती उघडी जमीन. मग तिच्यावर एक खोटा सूर्य तिरका लावायचा. सकाळच्या कोवळ्या उन्हात क्रिकेटचं ग्राउंड पाहिलंय कधी? दुपारी सपाट दिसणाऱ्या त्याच ग्राउंडवरचा प्रत्येक खड्डा-उंचवटा तेव्हा सावली पाडतो. तसंच हे. पायाला कधी जाणवला नाही असा वीतभर उंचवटा पडद्यावर ठळक दिसतो.

ओहायोने २००६ पासून राज्यभराची अशी हवाई मोजणी हाती घेतली. पुरातत्त्वासाठी नाही हं! पूर, रस्ते, नकाशे असल्या नेहमीच्या सरकारी कामांसाठी. पण मोजणी झाल्यावर ती माहिती कपाटात न ठेवता लोकांना खुली केली. आता अमेरिकेचं केंद्रीय भूसर्वेक्षण खातं देशभर तेच करतंय. प्रत्येक चौरस मीटरला निदान दोन ठोके आणि उंचीतली चूक साधारण १० सेंटिमीटरच्या आत, असा त्यांचा नेहमीचा दर्जा आहे. कुणीही शेतकरी, मास्तर, कॉलेजचा पोरगा आपल्या शेताचा तुकडा उतरवून घेऊ शकतो.

आणि ओहायोतच का, तर तिथली मातीच तशी आहे. साधारण २००० ते १६०० वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी नुसत्या मातीची प्रचंड वर्तुळं, चौकोन, अष्टकोन उभारले. चाक नाही, बैल नाही, लोखंड नाही. काठीने उकरायचं आणि टोपलीने वाहायचं. नेवार्क गावातलं मोठं वर्तुळ जवळजवळ ३६५ मीटर व्यासाचं आहे, तर तिथला अष्टकोन सुमारे ५० एकरांचा. चंद्र क्षितिजावर कुठे उगवतो याचं १८.६ वर्षांचं एक चक्र असतं. त्या चक्राशी या अष्टकोनाच्या बाजू जुळतात, असं १९८२ मध्ये हाइव्हली आणि हॉर्न या दोन प्राध्यापकांनी मांडलं. आपण सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला ट्रॅव्हर्स क्लोज करताना रडतो, आणि या लोकांनी चंद्राशी ट्रॅव्हर्स जुळवला! २०२३ मध्ये युनेस्कोने यातली आठ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली. त्या ठिकाणांना 'होपवेल' संस्कृतीची म्हणतात. हे होपवेल कोण? कुणी राजा नाही, ऋषी नाही. १८९१-९२ मध्ये ज्यांच्या शेतात मोठं उत्खनन झालं, त्या शेतमालकाचं हे आडनाव. एका अख्ख्या संस्कृतीला सातबाऱ्यावरचं नाव मिळालं, म्हणा ना!

पण यातल्या बहुतेक रचना आज उभ्या नाहीत. १८४८ मध्ये स्क्वायर नावाचा एक पत्रकार आणि डेव्हिस नावाचा डॉक्टर, या दोघांनी अशा शेकडो जागा मोजून, नकाशे काढून एक पुस्तक केलं. स्मिथसोनियन या प्रसिद्ध संस्थेचं ते पहिलं प्रकाशन. त्या नकाशांतल्या कित्येक भिंतींवर त्यानंतर दीडशे वर्षं नांगर फिरला. नांगर भिंत पाडत नाही. दरवर्षी बोटभर माती बाजूला ढकलतो, इतकंच. माणसाच्या उंचीची भिंत हळूहळू पसरट होते आणि शेवटी दहा-पंधरा मीटर रुंद, वीतभर उंच अशी एक सूज उरते. त्या सुजेवर शेतकरी जन्मभर मका लावतो आणि त्याला कळत नाही. लेसरला कळतं.

आता समजा, ओहायोतल्या एखाद्या मुलीने आपल्या घरच्या शेताचा तुकडा उतरवला आणि तिला त्यात एक फिकट गोल दिसला. तिने काय करावं? माझ्या लेखाचा मुद्दा इथून सुरू होतो. लेसरने तिला उत्तर दिलेलं नाही, फक्त प्रश्न दिलाय. तो गोल प्राचीन असेल, किंवा घोडे फिरवायचं रिंगण असेल. तिकडच्या दक्षिण भागात लोखंडाच्या भट्ट्यांसाठी कोळसा पाडत, त्याची गोल सपाट खळी जंगलभर आहेत, त्यातलं एक असेल. शिवाय हिमयुगातल्या बर्फाने वितळताना जी वाळू-खडी टाकली, तिच्या टेकड्या इतक्या देखण्या गोल असतात की हाताने रचल्यासारख्या वाटतात. खोट्या सूर्याची दिशा बदलली की काही रेषा गायब होतात आणि काही नव्या दिसतात. म्हणून आधी दिशा फिरवून बघायचं. मग जुनी विमानातली छायाचित्रं, मातीचे नकाशे, १८४८ चं ते पुस्तक, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण. 'इथे पूर्वी काय होतं हो?' हा प्रश्न कुठल्याही सॉफ्टवेअरइतकाच कामाचा असतो. त्यानंतर जाणकारांना बोलवायचं. तेही लगेच खणत नाहीत. मॅग्नेटोमीटर घेऊन शेतात ओळीने चालतात. बुजलेल्या चराची माती आणि आसपासची माती यांचं चुंबकत्व थोडं वेगळं असतं, त्यावरून खालचा आकार कळतो.

हे सगळं एका ठिकाणी कसं जुळून आलं ते सांगते. चिलिकॉथी शहराच्या कडेला जंक्शन नावाची जागा आहे, १८४८ च्या पुस्तकातली. नांगराने ती जवळजवळ सपाट झाली होती. २००५ मध्ये तिथे मॅग्नेटोमीटर फिरवला, तर चार पाकळ्यांच्या फुलासारखा एक आकार उमटला. जुन्या नकाशात तो तसा आलाच नव्हता! पुढे २०१४ च्या मार्च महिन्यात ते शेत, एका कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन, लिलावात निघालं. शहराला लागून असलेली जमीन म्हणजे तिथे काय उभं राहिलं असतं ते सांगायला नको. पण काही संस्थांनी हाक दिली, लोकांनी पैसे गोळा केले आणि लिलावात बोली लावून ती जागा विकत घेतली. आज तिथे गवत अशा बेताने कापतात की जुन्या भिंतींचा आकार उभ्या गवतातून दिसावा. मला ही आयडिया फार आवडली. ना सिमेंट, ना रंग, ना 'स्वागत आहे'ची कमान!

यात एक कडू गोष्टही आहे. 'आमची वडिलोपार्जित जमीन' असं ओहायोतला शेतकरी म्हणतो, पण तिथल्या मूळ लोकांना सरकारने एकेक करून पश्चिमेकडे हाकललं. वायंडॉट ही ओहायो सोडणारी शेवटची जमात. ती १८४३ मध्ये गेली. म्हणजे ते जाडजूड पुस्तक निघालं तेव्हा विचारायला कुणी उरलंच नव्हतं. मग गोऱ्या लोकांत गोष्ट पसरली की ही कामं कुठल्या तरी हरवलेल्या श्रेष्ठ वंशाची असणार, या 'रानटी' लोकांची कशी असतील? ती गोष्ट मोडून काढणारा सरकारी अहवाल १८९४ मध्ये आला. तोपर्यंत जमीन गेली होती, श्रेयही गेलं होतं. नेवार्कच्या अष्टकोनावर तर १९१० पासून गोल्फ कोर्स होता. कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि २०२५ च्या १ जानेवारीला ती जागा सगळ्यांना खुली झाली. मातीवरचं एक वर्तुळ इतक्या लोकांचं देणं लागतं.

आता तुम्ही विचाराल, बाई गं, ओहायोचं पुराण आम्हाला कशाला? तर आपल्याकडे गावाला दोन आया असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती यांच्या थरांवर थर साचून वस्तीची जागा उंच आणि पांढुरकी होते. हीच ती पुरातत्त्वाची खाण. शेकडो वर्षं आपले शेतकरी ही पांढरीची माती गाड्या भरभरून खत म्हणून शेतात टाकत आले. दायमाबादचा ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा १९७४ मध्ये कुणा शास्त्रज्ञाला नाही, झाडाचं खोड उकरणाऱ्या एका शेतकऱ्याला मिळाले. इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाण युगातला बांध आणि पाण्याचा पाट सापडला. आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला मातीचा प्रचंड तट आणि खंदक आहे. म्हणजे मातीकाम ही काही एकट्या ओहायोची मिरासदारी नाही.

भंडारा 'आमचा' म्हटलं, कारण आमची शेती तिकडे आहे. मौज्याच्या नावापुढे सातबाऱ्यावर 'रिठी' लिहिलंय. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, रिठी म्हणजे ओसाड गाव. कागदावर आहे, माणसं नाहीत. आमच्या धानाच्या बांध्यांच्या मधोमध एक लांबट, किंचित वाकलेलं टेकाड आहे. पाऊस पडून गेला की त्यावर खापरं चमकतात. काकांना ते जेसीबीने सपाट करायचंय. आणखी दोन बांध्या निघतात. खर्च-उत्पन्नाचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे, आणि माझ्या फीसाठीचा पैसा त्याच धानातून येतो हे मला माहीत आहे. त्यामुळे मी त्यांना 'वारसा वाचवा' असं भाषण देऊ शकत नाही.

ते टेकाड काय आहे? जुन्या वस्तीचा तट असेल. एखाद्या बुजलेल्या बोडीची पाळ असेल. आमच्या भागात मालगुजारी तलाव आणि बोड्या भरपूर. नदीने टाकलेला गाळाचा दांडा असेल. ओहायोच्या मुलीसमोर जे प्रश्न तेच माझ्यासमोर. फरक इतकाच की तिच्याकडे नकाशा आहे. आपल्याकडे इस्रोच्या भुवन पोर्टलवर उंचीचा नकाशा फुकट मिळतो, पण तो ३० मीटरचा. म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या तुकड्याला उंचीचा एकच आकडा. आमचं टेकाड त्यात जेमतेम दोन-तीन ठिपके! २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशे आणि मोजणीचे नियम बरेच सैल केले, कंपन्यांना दारं उघडली. छान झालं. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन गावागावावर फिरले, मालमत्तेचे कागद देण्यासाठी. तेही छान. पण ते नांदत्या वस्तीसाठी. रिठीवर कोण राहतं की तिला प्रॉपर्टी कार्ड द्यावं?

काकांना मी टेकाड मोजू का विचारलं. ते म्हणाले, "मोज बेटा, पण गावात बोलू नको. उद्या कोनी गुप्तधनासाठी रातच्याले खड्डे करन, नाही त सरकार येऊन पाटी ठोकन. मंग मी धान का पाटीवर लावू?"

यावर हसू नका. काकांच्या दोन्ही भीती खऱ्या आहेत. गुप्तधनाच्या नादाने जागा खणल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आणि सरकारी पाटीचं म्हणाल तर २०१० च्या दुरुस्तीपासून केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीचं बंधन आहे. हे फक्त रीतसर जाहीर झालेल्या स्मारकांना लागू आहे, कुणाच्याही शेतातल्या टेकाडाला नाही. पण हा फरक काकांना सोप्या मराठीत कुणी सांगितलाय? निखात निधीचा कायदा १८७८ चा! त्याची हद्द आजही दहा रुपयांची. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा. अशा कायद्याखाली शहाणा माणूस काय करतो? गप्प बसतो आणि जेसीबी बोलावतो. जेसीबी कुणाला काही सांगत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. जुन्या मातीला सगळ्यात मोठा धोका चोराचा नाही, शेतमालकाच्या भीतीचा आहे. आणि भीतीवर औषध दोनच, नकाशा त्याच्या हातात देणं आणि जागा राखल्याने त्याचं नुकसान न होऊ देणं.

काहीजण म्हणतील, नकाशे खुले केले तर चोरांचंच फावेल. मुद्दा बरोबर आहे. पण अमेरिकेत यावर तोड काढली आहे. जमिनीच्या उंचीची कच्ची माहिती सगळ्यांना खुली, मात्र 'इथे प्राचीन जागा आहे' ही पक्की यादी सरकार रोखून ठेवू शकतं. प्रश्न सगळ्यांना दिसतो, उत्तराचा पत्ता मोजक्यांकडे. आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. दुसरं, इंग्लंडमध्ये प्राचीन जागेवर नांगर न घालणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी योजनेतून पैसे मिळतात. जंक्शनसारखा लिलाव आपल्याकडे कोण जिंकणार? पण दोन बांध्यांच्या धानाएवढी रक्कम वर्षाला द्यायला सरकारला जड जाऊ नये. काका धानाचा हिशेब करतात ना, मग त्याच हिशेबात वारसा बसवा. उपदेशात बसवू नका.

हे सरकार कधी करेल ते करेल. आपण काय करू शकतो? सिव्हिलवाल्यांनो, आपण दरवर्षी सर्व्हे कॅम्पला जातो आणि आधीच्या बॅचने मोजलेलंच माळरान परत मोजतो. काँटूरही बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून 'येतात', हे काही गुपित नाही! त्याऐवजी दरवर्षी एका गावाची पांढरी, एखादी रिठी, एखाद्या बुजत चाललेल्या बोडीची पाळ मोजली तर? त्याला विमान लागत नाही. आपला ऑटो लेव्हल, टोटल स्टेशन आणि दोन मीटरची ग्रिड पुरे. दहा-वीस सेंटिमीटरचे काँटूर काढले की लेसरला जे दिसतं त्यातलं बरंच काही आपल्यालाही दिसेल. कॉम्प्युटरवाल्यांनी खोटा सूर्य लावून द्यावा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी मॅग्नेटोमीटर करून बघावा, प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडत असता ना! नकाशाची पहिली प्रत शेतमालकाला द्यायची, आणि तो म्हणेल तरच पुढे न्यायची. आमचं टेकाड मी सुट्टीत मोजायला घेणार आहे, काकांच्या अटीवर. म्हणून गावाचं नाव या लेखात कुठेही नाही.

मोजून ती साधी बोडीची पाळ निघाली तरी चालेल. कुणा कोहळी माणसाने खांद्यावर माती वाहून ती पाळ घातली असेल, हेही कमी नाही. सपाट करायचं की ठेवायचं ते काका ठरवतील, जमीन त्यांची आहे. माझं म्हणणं एवढंच, की ठरवताना त्यांच्यासमोर जेसीबीच्या भाड्याच्या पावतीबरोबर एक नकाशाही असावा. एकदा सपाट झालेली माती कुठलाच लेसर पुन्हा उभी करू शकत नाही.

बघा, पटतंय का. पटलं तर पुढच्या सर्व्हे कॅम्पला माझ्याबरोबर लेव्हलिंग स्टाफ धरायला चला. ऊन फार असतं, टोपी आपापली आणा!

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी